तिसरी थाप

मित्रांनो, मला सगळे थापाडी म्हणत. नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका. मी आयुष्यभर थापा मारल्या हे खरे आहे, पण त्या दारावर. तोंडाने एकही मारली नाही, कारण मला तोंडच नाही. मी एक जुनी लाकडी हातोडी आहे. माझ्या डोक्याचा एक कोपरा झिजला आहे, दांड्याला चीर गेली आहे आणि अंगावर किडीने भोके पाडली आहेत. सध्या मी एका स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली आहे. इथे मला काही काम नाही. म्हणून म्हटले, तुमच्याशी चार शब्द बोलावेत. बरीच वर्षे माझ्याशी कुणी बोललेले नाही, आणि मला बोलायची फार हौस आहे.

माझा जन्म एका मोडक्या बाकातून झाला. ओढ्याकडे उतरत जाणाऱ्या एका अरुंद गल्लीत यहुदी लोकांची वस्ती होती. गल्लीच्या वरच्या टोकाला त्यांचे प्रार्थनागृह होते. तिथला एक बाक म्हातारा होऊन मोडला, तेव्हा गल्लीतल्या सुताराने त्याच्या पायाचा धड तुकडा काढला, तासला, घासला आणि त्याची मी झाले. तो मोठा मिश्कील माणूस होता. मला मामाच्या हातात देताना म्हणाला, "या बाकावर बसून लोक आजवर डुलक्या काढत होते. आता तोच त्यांना उठवील."

मामा म्हणजे प्रार्थनागृहाचा राखणदार. तो कुणाचाच सख्खा मामा नव्हता, म्हणून सगळ्यांचा होता. झाडलोट करणे, दिवे लावणे, पुस्तके नीट रचून ठेवणे ही त्याची कामे. पण त्याचे खरे काम पहाटे सुरू होई. उजाडण्याच्या सुमारास तो मला काखेत धरून निघे आणि गल्लीतल्या एकेका दारावर थाप मारून लोकांना सकाळच्या प्रार्थनेसाठी उठवी. थंडीत तो माझ्या दांड्याला फडके गुंडाळी. ते स्वतःच्या बोटांसाठी असे, पण मला वाटे माझ्यासाठीच आहे. तेवढा लाड मी करून घेत असे.

आता आमच्या कामातली मुख्य गोष्ट नीट ऐका, कारण माझी सगळी कहाणी तिच्यावरच उभी आहे. रोज प्रत्येक दारावर तीन थापा पडत. पण वस्तीत कुणी वारले असेल, तर त्या सकाळी दोनच. तिसरी थाप मामा हातातच ठेवी. माणसे झोपेतही मोजत असत. तिसरी पडली की कूस बदलून जांभई देत उठायचे. दोनवर थांबली की आत शांतता पसरे, मग दार उघडे आणि कुणीतरी हळूच विचारी, "कोण?" मामा नाव सांगे आणि पुढच्या दाराकडे वळे.

शब्बाथ हा त्या लोकांचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस. शुक्रवारी सूर्य मावळला की तो सुरू होई आणि कुणी काही काम करीत नसे. त्या दिवशी मलाही सुट्टी असे. मी कोनाड्यात पडून राही आणि मामा नुसती हाक देत गल्लीतून फिरे. मला ती सुट्टी मुळीच आवडत नसे. पण त्याआधी शुक्रवारी दुपारी आमची एक वेगळी फेरी होई, दुकाने बंद करायला लावण्याची. ती मात्र मला फार आवडे.

ती फेरी तुम्हाला डोळ्यांपुढे आणता यावी म्हणून थोडी माणसे सांगते. पहिले दार पाववाल्याचे. तो आमच्याही आधी उठलेला असे आणि कोपरापर्यंत पिठात असे. त्याला उठवण्याची गरजच नव्हती, पण थाप नाही मारली तर तो रुसून बसे. त्याच्या शेजारी बटणवाल्या बहिणी राहत. दोघींनी लग्ने केली नव्हती, दुकान एक, खोली एक आणि दिवसभर भांडण. आम्ही थाप मारली की आतून पहिली म्हणे, "जा, उघड." दुसरी म्हणे, "तू जा." दार शेवटी दोघी मिळूनच उघडत. त्यांच्या पलीकडे, त्याच रांगेत, शिंपी. आणि उतारावर शेवटचे दार घड्याळवाल्याचे.

घड्याळवाल्याच्या घरात भिंतभर घड्याळे होती, पण कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नव्हता. एक पाच म्हणे, दुसरे सात. त्यामुळे गल्लीत सर्वांत उशिरा उठणारा माणूसही तोच. त्याला एक लहान मुलगी होती. ती मात्र आमच्या वाटेवर कान लावून दाराच्या आड उभी असायची. पहिली थाप पडली की "एक", दुसरी पडली की "दोन", आणि तिसरी पडायच्या आतच "तीन" असे ओरडायची. ती आधी की मी आधी, अशी आमची शर्यत होती. बहुतेक वेळा मामा हात जरा आखडता घ्यायचा आणि ती जिंकायची. मामाने तिचे नावच तीनबाई ठेवले होते. "काय तीनबाई, झोप झाली का आपली?" असे तो दाराला तोंड लावून विचारी. मला थापाडी हे नाव ठेवले तेही तिनेच.

एकदा मोठीच फजिती झाली. हिवाळ्याचे दिवस होते आणि मामाला सर्दी झाली होती. शिंप्याच्या दारावर आम्ही दोन थापा मारल्या, आणि तिसरीसाठी मामाने हात उचलला तोच त्याला शिंक आली. एक नाही, लागोपाठ. मी त्याच्या हातातून निसटले आणि गटारात पडले. मामा वाकून मला शोधू लागला. इकडे आत शिंप्याने दोनच मोजल्या. समोरच्या अंगाला, त्याच्या भावाकडे, त्यांची म्हातारी आई राहत असे आणि ती आठवडाभर आजारी होती. शिंप्याला वाटले, आईच गेली. या लोकांत आईबाप गेले की मुलगा अंगावरचा कपडा छातीपाशी फाडतो. बिचाऱ्याने रडत रडत नवाकोरा कोट अंगात चढवला, गळ्यापाशी धरला आणि टरकन फाडला. रडण्याचा आवाज ऐकून शेजारी धावले. त्या गर्दीतून काठी टेकत एक म्हातारी पुढे आली आणि विचारू लागली, "काय रे, कोण गेलं?" ती शिंप्याची आई होती.

 म्हातारीने फाटका कोट चिमटीत धरला, शिवण पाहिली आणि म्हणाली, "मी असतानाच कोट फाडलास. मग मी गेल्यावर काय, पडदे फाडणार आहेस?"

गल्ली पोट धरून हसली. मामा गटारातून वर आला तो चिखलाने माखलेला, नाक लाल झालेले आणि हातात मी. त्याने सर्वांसमोर शिंप्याच्या दारावर ती राहिलेली थाप मारली, तेव्हा कुठे प्रकरण मिटले. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत एक बोलणे रूढ झाले. कुणाचे काही अर्धवट असले की लोक म्हणत, "तिसरी राहिली." भाजीत मीठ कमी पडले, तिसरी राहिली. शिंप्याने सदऱ्याला एक बटण कमी लावले, तिसरी राहिली. घड्याळवाला दुरुस्तीला दिलेले घड्याळ वेळेवर देत नसे, त्याची तर कायमच तिसरी राहिलेली. गल्लीबाहेर कुणाला या बोलण्याचा अर्थ कळत नसे. मला त्याचा किती अभिमान वाटे म्हणून सांगू.

एक दार मात्र असे होते, ज्यावर मी कधीच पडले नाही. ते मामाचे स्वतःचे. प्रार्थनागृहाच्या मागे त्याची एक खोली होती. मामी फार पूर्वी वारली होती आणि त्यांना मूलबाळ नव्हते. मामी गेली त्या पहाटेही मामा मला घेऊन निघाला आणि प्रत्येक दारावर दोन थापा मारून "कोण?" याचे उत्तर त्याने स्वतःच दिले. लोक कधी थट्टेने विचारत, "मामा, आम्हाला तुम्ही उठवता, तुम्हाला कोण उठवतं?" तो म्हणे, "मला वय उठवतं." लोक हसत आणि आपापल्या घरी जात. मग मामा आपल्या खोलीत शिरे, मला कोनाड्यात ठेवी आणि बराच वेळ तसाच बसून राही. मी ते रोज पाहत होते.

मग, मित्रांनो, वारे फिरले. दूर कुठेतरी, मोठ्या खुर्च्यांवर बसलेल्या लोकांनी ठरवले की ही माणसे इथे नकोत. का नकोत, ते मला अजून समजलेले नाही. पाव भाजणाऱ्या, बटणे विकणाऱ्या, कोट शिवणाऱ्या माणसांनी कुणाचे काय घोडे मारले होते? आधी मुलांना शाळेतून काढले. मग दुकानांवर 'इथे खरेदी करू नका' अशा पाट्या लागल्या. मग शहरातल्या ओळखीच्या लोकांनी आमच्या गल्लीतून जायचे सोडले. गल्लीत बुटांचा आवाज येऊ लागला आणि त्या आवाजाला लोक दारे लावून घेऊ लागले. शिपाई कितीही ठोठावत, आतून कडी निघत नसे. दार फोडावे लागे आणि त्यात त्यांचा वेळ जाई.

हे त्यांच्या साहेबाच्या लक्षात आले. हेही लक्षात आले की एका माणसाच्या थापेला मात्र सगळी दारे उघडतात.

एका पहाटे मामा मला घेऊन खोलीबाहेर पडला, तर पायरीशी साहेब उभा. बरोबर दोन शिपाई होते. साहेब शांतपणे बोलला. आज सगळ्यांना नेहमीसारखे उठवायचे आणि एकेक पिशवी घेऊन वरच्या चौकात यायला सांगायचे. गाड्या थोड्या वेळाने येतील. आरडाओरडा, पळापळ काही नको. मामाने विचारले, "नेहमीसारखंच ना?" साहेब म्हणाला, "नेहमीसारखंच." मामाने मान डोलावली. साहेब चौकाकडे गेला आणि शिपाई आमच्या मागून चालू लागले.

मामाचा अंगठा माझ्या दांड्यावर नेहमीच्या जागी, त्याच्याच दाबाने पडलेल्या खळग्यात होता. गाड्या कुठे जातात आणि तिथून कुणीच परत येत नाही, हे तोपर्यंत शेजारच्या गावांतून कानावर आले होते. मी एक लाकडाचा तुकडा, मला काय करता येणार होते? मला एवढेच कळत होते की आज माझ्या आवाजावर विश्वास ठेवून माणसे दार उघडतील, आणि ते मला सहन होत नव्हते.

पाववाल्याचे दार आले. मामाने हात उचलला. एक. दोन. आणि हात खाली घेतला.

मागे शिपाई उभे होते. त्यांना काय कळणार? त्यांच्या लेखी थाप म्हणजे थाप. आत एकदम शांतता पसरली. मग दार उघडले, पिठाने भरलेले हात तसेच धरून पाववाला उंबऱ्यात आला आणि त्याने रीतीप्रमाणे विचारले, "कोण?"

मामा त्याच्या डोळ्यांत पाहत म्हणाला, "सगळे." मग शिपायांकडे वळून नम्रपणे म्हणाला, "सगळ्यांनीच यायचंय चौकात, असंच ना साहेब?" शिपायाने हो म्हटले.

 पाववाल्याने दार लावून घेतले. पुढे काय झाले ते मी आवाजावरून ओळखले. घरांच्या मागे परसांच्या बुटक्या भिंती होत्या आणि त्यांच्यापलीकडे ओढा. ओढ्याच्या पल्याड जंगल. पाववाला एकेक भिंत ओलांडत मागच्या दारांवर बोटाने टकटक करीत चालला होता. पुढच्या दाराने आम्ही दोन थापा देत होतो आणि मागच्या दाराने तो अर्थ सांगत होता.

बटणवाल्या बहिणींच्या दारी दोन. आतून भांडण ऐकू आले नाही, आणि तेव्हा मला पहिल्यांदा रडू आले. शिंप्याच्या दारी दोन. मग उतारावरचे शेवटचे दार. एक, दोन, आणि मामाने हात खाली घेतला.

दारामागून झोपाळू आवाजात तीनबाई म्हणाली, "मामा, तिसरी राहिली."

मामाने कपाळ दाराला टेकवले. शिपायाने संशयाने विचारले, "काय म्हणतेय ती?"

"काही नाही, साहेब," मामा म्हणाला. "पोर आकडे शिकतेय."

आत कुणीतरी तिला उचलून घेतले. मला पावलांचा आवाज आला, मग मागची कडी निघाली.

गाड्या आल्या तेव्हा गल्लीतली निम्मी घरे रिकामी होती. बाकीचे लोक गेले नव्हते. कुणाच्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस होते, कुणाचा मुलगा तापाने फणफणला होता, आणि कुणाला आपली गल्ली सोडून जायचे म्हणजे काय हेच समजत नव्हते. शिपायांनी त्यांना गाड्यांत चढवले. ओढ्याच्या बाजूने बंदुकांचे आवाज आले. तिकडून कोण पार झाले आणि कोण नाही, ते मला दिसले नाही.

मामा पळाला नाही. तो आपल्या खोलीच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसला होता. साहेब आला. त्याला सगळे समजले होते, किंवा कदाचित काहीच समजले नव्हते. त्याने मला मामाच्या हातातून हिसकावले, उलटून पालटून पाहिले आणि भिरकावून दिले. मी गडगडत उतारावर गेले आणि घड्याळवाल्याच्या दारापुढच्या गटारात पडले. वर गाडीचे फळकुट लागल्याचा आवाज आला. मामाला मी त्यानंतर कधीच पाहिले नाही.

मित्रांनो, एकटेपणा म्हणजे काय हे तोवर मला माहीत नव्हते. शब्बाथच्या सुट्टीतही मला ठाऊक असे की उद्या मामाचा हात येणार. आता पहाट होई आणि कुणीच येत नसे. दारे उघडीच होती, आत माणसे नव्हती, घड्याळवाल्याची घड्याळे किल्ली न दिल्यामुळे एकेक करून बंद पडत होती. शेवटचे घड्याळ बंद पडले तेव्हा गल्लीत मी एकटीच उरले.

पुढे त्या घरांत दुसरी माणसे राहायला आली. ती वाईट नव्हती. त्यांना घर हवे होते आणि कुणीतरी त्यांना किल्ली दिली. घड्याळवाल्याच्या घरात आलेल्या बाईंनी गटार साफ करताना मला उचलले, धुतले आणि खिडकीला टेकू म्हणून लावले. ती खिडकी वर सरकवायची होती आणि तिचा दोर तुटला होता. मी मध्ये उभी राहिले की ती उघडी राही. कधी माझ्या डोक्याने अक्रोड फोडत, कधी खुंट्या ठोकत, मग पुन्हा खिडकीत उभी करत. बाईंची मुले मोठी झाली, मग सून आली, बाई वारल्या. त्या दिवशी दारावर दोन थापा कुणी मारल्या नाहीत. मी मात्र त्यांच्यासाठी मनातल्या मनात मोजल्या.

खिडकीतून मला सगळी गल्ली दिसे. दाराच्या चौकटींवर पूर्वी तिरपी लावलेली एक छोटी डबी असे, तिच्यात प्रार्थनेचे शब्द असत आणि येताजाता लोक तिला बोटे लावून ओठांशी नेत. डब्या केव्हाच निघाल्या होत्या, पण कितीही रंग दिला तरी ती तिरपी खूण पुसली जात नव्हती. दारांना विजेच्या घंटा आल्या. कुणी कुणाला उठवायला जात नव्हते. मी रोज पहाटे एकेका दाराकडे पाही आणि एकच प्रश्न मला छळी. माझ्या हातून प्रत्येक दारावर दोन थापा पडल्या होत्या. त्या कुणाच्या बाबतीत खऱ्या ठरल्या आणि कुणाच्या बाबतीत नुसती सूचना होती? कोण वाचले? ज्या दारामागचे माणूस वाचले, त्या दाराची तिसरी माझ्याकडे बाकी होती. ती दिल्याशिवाय मला किडीने संपवू नये, एवढेच मी मागत असे.

आणि एका सकाळी एक पांढऱ्या केसांची बाई उतारावरून हळूहळू चालत आली. अंगावर साधा कोट होता, हातात पिशवी. आमच्या दारापुढे ती थांबली. तिने चौकटीवरच्या तिरप्या खुणेवर बोटे टेकवली आणि ओठांशी नेली. माझ्या अंगावर काटा आला. तिने घंटा दाबली, पण घंटा बिघडलेली होती. मग तिने बोटाच्या पेरांनी दारावर थाप मारली. एक, दोन. आणि तिसरीच्या आधी अगदी हलक्या आवाजात ती म्हणाली, "तीन."

मी तीनबाईला ओळखले.

सूनबाईने दार उघडले. आलेल्या बाईने आपण लहानपणी याच घरात होतो असे सांगताच सूनबाईचा चेहरा उतरला. ती दार अर्धवट धरूनच म्हणाली, "हे घर आमच्या नावावर आहे. सासूबाईंच्या वेळेपासून."

"असू द्या," तीनबाई म्हणाली. "मी घर मागायला नाही आले. जरा बसू का?"

सूनबाईने तिला आत घेतले आणि पाणी दिले. पाणी पिता पिता तीनबाईची नजर खिडकीकडे गेली. तिचा पेला हातातच राहिला. मग ती उठून माझ्यापाशी आली. तिने मला काढले नाही, कारण खिडकी पडली असती. तिने फक्त माझ्या दांड्यावरच्या खळग्यात, मामाच्या अंगठ्याच्या जागी, आपला अंगठा ठेवला आणि रडू लागली. सूनबाई घाबरली. मग तीनबाईने तिला सगळे सांगितले. तीन थापांचे, दोन थापांचे, शिंक आणि कोट यांचे, त्या पहाटेचे. कोटाची गोष्ट ऐकून सूनबाई हसली. त्या पहाटेचे ऐकून झाल्यावर ती परसात गेली, एक वीट घेऊन आली, ती खिडकीत उभी केली आणि मला काढून तीनबाईच्या हातात दिले.

"चला," ती म्हणाली, "मी येते बरोबर. लोक विचारतील तर मी सांगेन."

आमची फेरी निघाली. पहिले दार आमचेच. तीनबाईने बाहेरून ते ओढून घेतले आणि मला उचलले. कित्येक वर्षांनी मी माझ्या दारावर पडले. एकदाच. "ही माझी आणि आईची," ती म्हणाली. "बाबा मागे राहिले ओढ्यापाशी." 

शिंप्याच्या दारापुढे ती थांबली. मी श्वास रोखला, लाकडाला जमतो तेवढा. तिचा हात वर गेला. थाप! वाचला, शिंपी वाचला. तीनबाई सूनबाईला सांगत होती, की त्याने म्हाताऱ्या आईला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला आणि म्हातारी पाठीवर बसून सबंध वाट त्याला शिव्या घालत होती, सांभाळून चाल, कोट भिजेल म्हणून. एका तरुणाने दार उघडून विचारले, "कोण हवंय?" तीनबाई म्हणाली, "कुणी नाही, बाळ. एक थाप राहिली होती, ती द्यायला आले." सूनबाईने त्याला हाताने थांब म्हटले.

बटणवाल्या बहिणींच्या दारापुढे तिचा हात वर जाऊन अधांतरी राहिला. मग तिने मला दाराला नुसते टेकवले, इतके हलके की आवाज मलाच आला. "एक वाचली," ती म्हणाली. "म्हातारपणापर्यंत आमच्या शेजारी राहिली. दारावर थाप पडली की आतून म्हणायची, जा, उघड. आणि मग स्वतःच उठायची."

पाववाल्याच्या दारापुढे ती खूप वेळ उभी राहिली. मी वाट पाहिली. हात वर गेला नाही. मामाच्या दोनच तिथे खऱ्या ठरल्या होत्या. ज्याने सगळ्या मागच्या दारांवर टकटक केली, त्याच्या दारावर आता काही बाकी नव्हते. आम्ही पुढे निघालो.

गल्लीच्या वरच्या टोकाला प्रार्थनागृहात आता लाकडी सामानाचे गोदाम होते. मागे मामाची खोली होती. दाराला गंजलेले कुलूप, पायरीवर गवत. ज्या दारावर मी आयुष्यात कधीच पडले नव्हते, त्या दारापुढे तीनबाईने मला उचलले.

एक. दोन.

आत कुणी नव्हते, तरी ते दार माझ्याखाली घुमले. मी तिसरीची वाट पाहिली. तीनबाईच्या ओठांचीही वाट पाहिली. लहानपणी ती तिसरीच्या आत ओरडायची. आता तिचे ओठ मिटलेले होते. सूनबाईला आता रीत माहीत झाली होती. ती हळूच म्हणाली, "तिसरी राहिली का?"

"नाही," तीनबाई म्हणाली. "त्यांच्या एवढ्याच. सगळ्यांच्या त्यांनी दिल्या, त्यांच्या द्यायला कुणी नव्हतं." आणि तिने कपाळ त्या दाराला टेकवले.

मामा गेला हे मला असे कळले. मनातून मला ते केव्हाच माहीत होते. पण रीतीने, दारावर दोन थापा देऊन कुणीतरी सांगावे लागते. त्याशिवाय मन मानत नाही, माणसाचेही आणि हातोडीचेही.

तीनबाईने मला आपल्या गावी आणले. ती एकटी राहते. सकाळी उठून ती माझ्याकडे पाहते, चहा ठेवते आणि आपल्या कामाला लागते. या गावात सगळ्यांकडे गजराची घड्याळे आहेत. मला कुणी हलवत नाही. बाकी द्यायचे होते ते देऊन झाले आहे, म्हणून मन शांत आहे. तरी पहाटे, उजाडण्याच्या सुमारास, दांड्यावर कुणाचा तरी अंगठा यावा असे मला अजून वाटते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपून ठेवा असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला जपले नसते तरी चालले असते. तुमच्या शेजारी एखादे दार असेल, ज्यावर बरेच दिवस कुणी थाप मारलेली नाही. आत एखादा म्हातारा मामा कोनाड्याकडे पाहत बसला असेल. त्या दारापाशी जा. काही काम नसले तरी जा. आणि थाप मारलीत, तर तिसरी राहू देऊ नका.